भंगारवाल्याला बोलावण्याआधी

पत्र: ताई, आम्ही जुळे सोलापुरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. आमचे हे पतसंस्थेत नोकरीला आहेत, वय 54. त्यांना हत्यारांचा आणि जुन्या गाड्यांचा नाद आहे. खाली पार्किंगमध्ये 1988 ची येझदी मोटारसायकल तीन वर्षांपासून उघडून ठेवली आहे. तिची टाकी, कार्ब्युरेटर, पाने, ग्राइंडर, पेट्रोलचा कॅन असे सगळे स्वयंपाकघराच्या गॅलरीत असते. घरात चार ड्रिल मशीन आहेत, पण देवघराच्या दाराची बिजागरी वर्षभर निखळलेली आहे. मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची असताना मागच्या महिन्यात कंप्रेसर आला. आषाढीला हे पंढरपूरला जातात, तेव्हा भंगारवाल्याला बोलावून सगळे मोकळे करावे असे मनात आहे. माझे चुकते का?
— एक त्रस्त गृहिणी

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुमचा राग पैशांवर आणि जागेवर आहे आणि तो रास्तच आहे. परंतु मला धास्ती वाटली ती तुम्ही ओघात लिहून गेलेल्या पेट्रोलच्या कॅनची. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडते, आणि आपल्याकडे तर उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा कॅनचे झाकण जरा सैल असले तरी ती वाफ बाहेर येत राहते. हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर उडून न जाता फरशीलगत पसरते आणि उंबरठ्यावरून सरळ गॅसच्या शेगडीपर्यंत पोहोचू शकते. त्याच गॅलरीत ग्राइंडरही चालत असेल, तर धोका दुप्पट झाला. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेते आणि तिच्या ठिणग्या चांगल्या लांबवर उडतात. त्यात कापताना मधे येतो म्हणून चकतीवरचा गार्ड काढून ठेवण्याची खोड पुष्कळ हौशी मंडळींना असते. तुमच्या यजमानांनी तो काढला आहे का, हे जाऊन पाहा.

बाकी सर्व बाबतींत बोलून मार्ग काढता येईल, या एका बाबतीत नाही. कॅनमधल्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले नसेल, तर ते आजच तुमच्या रोजच्या स्कूटरच्या टाकीत ओतायला सांगा. मिसळलेले असेल, तर ते जुनी लूना किंवा अशीच एखादी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी, गाडी चालवणाऱ्या मित्राला द्यावे. गटारात मुळीच ओतू नये. येझदीची टाकी पूर्ण रिकामी करून खाली न्यावी, कार्ब्युरेटर धुण्याचे काम मोकळ्यावर, सावलीत करावे आणि तेलकट फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

आता भंगारवाल्याविषयी. त्याला बोलावू नका, आणि हे मी केवळ यजमानांची मर्जी राखण्यासाठी सांगत नाही. गाडी त्यांच्या नावावर आहे. मालकी हस्तांतराच्या 29 आणि 30 क्रमांकाच्या अर्जांवर त्यांची सही लागते, आणि कागदोपत्री नाव बदलल्याशिवाय गाडी कोणाच्या हाती गेली व तिचा गैरवापर झाला, तर पोलीस प्रथम तुमच्याच दारात येतील. शिवाय ही गाडी भंगारही नव्हे. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. एकाच दांड्याने किक मारायची आणि त्याच दांड्याने गिअर टाकायचा, अशा या गाडीवर जीव टाकणारे लोक अजून आहेत आणि तिचे जुने भाग ते गावोगाव शोधत फिरतात. पाठीमागे विकलेल्या गाडीचे दुःख तुमचे यजमान आयुष्यभर बोलून दाखवतील, आणि मग कंप्रेसरचा विषय काढण्याचा तुमचा हक्कही तुम्ही गमावून बसाल.

तो विषय मात्र काढायलाच हवा. चार ड्रिल मशीन असलेल्या घरात देवघराचे दार वर्षभर लोंबकळते, हे वाचून मला हसू आले, तरी त्यात तुमच्या तक्रारीचा अर्क आहे. हत्यार वापरण्याची हौस वेगळी आणि हत्यार विकत घेण्याची हौस वेगळी; दुसरीत पाकीट उघडले की आनंद मिळतो आणि खोके उघडले की तो संपतो. तुमच्या यजमानांना कोणती हौस किती आहे, हे त्यांच्या समोर बसूनच ठरवावे लागेल. मुलीच्या फीची रक्कम आधी बाजूला काढावी, मग छंदासाठी महिन्याची एक रक्कम दोघांच्या संमतीने ठरवावी, आणि नवे यंत्र आणायचे असेल तर पडून असलेले एखादे विकून आणावे. ती रक्कम ते कशावर खर्च करतात यात तुम्ही लक्ष घालू नये. ठरलेल्या रकमेतल्या प्रत्येक पान्याचा हिशोब मागितला, तर बिले लपवण्याची सवय लागते.

येझदीचे नेमके काय करायचे आहे, हेही त्यांना विचारा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती वाढवून घ्यावी लागते. आरसी बुक काढून त्यावरची तारीख दोघांनी मिळून पाहा. मुदत संपलेली असेल, तर इंजिनावर आणखी खर्च करण्याआधी कागदांचे काम मार्गी लावणे शहाणपणाचे, नाहीतर गाडी तयार होऊनही पार्किंगमध्येच उभी राहील.

जागेचा प्रश्न फ्लॅटमध्ये सुटणार नाही. ज्या गावात यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारी, मंडळी आयुष्यभर पाने-पक्कड घेऊन वावरली, तिथे अशा नादाला समजून घेणारा माणूस सापडणे अवघड नाही. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एखाद्या ओळखीच्या शेडचा कोपरा भाड्याने मिळतो का, याची चौकशी त्यांनाच करू द्या. ग्राइंडर आणि कंप्रेसर तिकडे गेले की दुपारची करकर थांबेल आणि गॅलरीत कपडे वाळत घालता येतील. भाडे मात्र छंदासाठी ठरलेल्या रकमेतूनच जावे, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.