फौजी लिहायला घेतलायस तर

पोरी,

तुझा मेसेज वाचला. सिरीयलच्या टीममध्ये लागलीस आणि पहिलाच ट्रॅक फौजीचा मिळालाय, लई बरं वाटलं. टीव्हीवर दाखवतात ते कितपत खरं असं विचारलंयस. मी मराठा लाइट इन्फंट्रीत २८ वर्षं काढली, सुभेदार होऊन २०१६ ला घरी आलो, तेव्हा जे बघितलंय तेवढंच सांगतो.

१९८९ ला दूरदर्शनवर 'फौजी' लागायची तेव्हा मी नवा जवान होतो, आम्ही बराकीत दाटीवाटीनं बसून बघायचो. ती बनवणारे स्वतः कर्नल होते ना, त्यामुळं ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादाचं ओरडणं, रगडा म्हणजे शिक्षेची कसरत, पोरांची आपसातली मस्ती असलं सगळं ओळखीचं वाटायचं. ऑफिसरांची गोष्ट होती ती, आम्हा जवानांची नव्हती, तरी आपली वाटायची.

आताच्या सिरीयलीत हिरो डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट मारतो. आर्मीत उघड्या डोक्यानं सॅल्यूट नसतो, नुसतं सावधान व्हायचं. केस कानावर आलेले नकोत. ह्या चुका सेटवर एखादा रिटायर्ड हवालदार उभा केलास तरी सुटतील, त्याचं मला एवढं काही नाही.

मला खटकतं ते वेगळंच. टीव्हीतला फौजी कायम एकटा असतो आणि कायम गोळीबारात असतो. मी सियाचीनला गेलो तेव्हा २००३ च्या नोव्हेंबरातली शस्त्रसंधी होऊन गेली होती, वर पोस्टवर तीन महिने काढले, एक गोळी चालली नाही. आता हे तू कसं दाखवणार? पण तिथं एकेक दिवस काढणं हीच लढाई होती बघ, चालताना सगळे एका दोरीला बांधलेले कारण बर्फाखाली भेग कुठं आहे दिसत नाही, रॉकेलच्या स्टोव्हची काजळी इतकी की थुंकी काळी पडायची, उघडा हात रायफलीला लागला तर कातडी चिकटायची, भूक मेलेली असायची आणि बडी समोर बसून दोन घास खायला लावायचा, झोपेत श्वास नीट चालतोय ना तेसुद्धा तोच बघायचा. बडी म्हणजे जोडीदार, त्याच्याशिवाय कुठं पाऊल टाकायचं नाही. १९८४ पासून तिथं गोळीपेक्षा थंडीनं आणि हिमकड्यांनीच जास्त माणसं नेलीत. २०१६ च्या फेब्रुवारीत सोनम पोस्ट गाडली गेली, १० जवान गेले, समोर शत्रू नव्हताच. तुझ्या हिरोला एक बडी दे, आणि एक अख्खा एपिसोड नुसती वाट बघू दे, हेलिकॉप्टरची, हवा उघडायची, घरच्या पत्राची.

आणि घर. 'लागिरं झालं जी' साताऱ्यात झाली, तेव्हा आमच्याकडं घरोघरी बघायचे कारण गाव खरं वाटायचं. पण बाकी ठिकाणी फौजीची बायको म्हणजे एसटी स्टँडवर रडणार नाहीतर फोनची वाट बघणार. माझा पत्ता कायम ५६ एपीओ, म्हणजे आर्मीच्या पोस्ट ऑफिसचा नुसता नंबर, मी नेमका कुठाय हे तिला माहीत नसायचं, पण सोसायटीचं कर्ज, पोराची शाळा, सासूचं दुखणं सगळं तिनंच काढलं. एकदा रजेवर आलो, रात्री दोनला ती बॅटरी घेऊन निघाली, पाण्याची पाळी होती. मी म्हटलं थांब मी जातो, तर म्हणाली तुम्हाला कुठला व्हॉल्व फिरवायचा माहीत नाही, झोपा तुम्ही. मी झोपलो नाही, मागनं गेलो आणि बांधावर नुसता उभा राहिलो. त्या रात्री मला जे वाटलं ते अजून कुठल्या सिरीयलीत बघितलं नाही मी.

तू दिवाळीनंतर ये, दोन दिवस राहा. माझं बोलणं एका दुपारीत होईल, जास्त वेळ काकूजवळ बस. तिचा भाग मला सांगता यायचा नाही.

तुझा काका