वेळ नेहमीच स्वतंत्र चल असते का?

‘वेळ हे नेहमी स्वतंत्र चल असते’ असे तुम्ही वाचले आहे आणि तरीही साध्या लंबकाच्या (दोऱ्याला टांगलेल्या झुलत्या गोळ्याच्या) प्रयोगात वेळ य-अक्षावर, म्हणजे अवलंबी चलाच्या जागी, का मांडतात, असा तुमचा प्रश्न आहे. प्रयोगात आपण ठरवतो ती गोष्ट म्हणजे स्वतंत्र चल आणि तिच्यामुळे काय फरक पडतो हे पाहण्यासाठी मोजतो ती गोष्ट म्हणजे अवलंबी चल. तुम्ही वाचलेला नियम चुकीचा आहे. कोणतीही राशी मुळात स्वतंत्र किंवा अवलंबी नसते. आपण प्रयोगाला कोणता प्रश्न विचारतो, त्यावर तिची जागा ठरते.

गरम पाणी थंड होत असताना दर मिनिटाला तापमान नोंदवले, तर वेळ स्वतंत्र चल असते. येथे वेळ आपण बदलत नाही, ती आपोआपच पुढे जाते; परंतु नोंद कोणत्या क्षणी घ्यायची हे आपण ठरवतो आणि पाण्याच्या तापमानाचा त्या क्षणांवर काहीही परिणाम होत नाही. लंबकाच्या प्रयोगात मात्र आपण दोऱ्याची लांबी ठरवतो आणि एका दोलनाला, म्हणजे जाऊन परत येणाऱ्या एका पूर्ण झोक्याला, लागणारा वेळ मोजतो. लांबी २५ सेंटिमीटर असताना हा दोलनकाल सुमारे १ सेकंद आणि १०० सेंटिमीटर असताना सुमारे २ सेकंद येतो, म्हणून येथे वेळ अवलंबी ठरते. या काळात गोळा तोच ठेवायचा आणि तो दर वेळी सारख्याच लहान कोनातून सोडायचा, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

‘अवलंबी’ या शब्दाने अनेकांची फसगत होते. आता लांबी तीच ठेवून गोळ्याचे वस्तुमान बदला. दोलनकाल जवळजवळ तसाच राहील. तरीही या प्रयोगात वस्तुमान हेच स्वतंत्र चल आणि दोलनकाल हेच अवलंबी चल, कारण ‘दोलनकाल वस्तुमानावर अवलंबून आहे का?’ हे तपासण्यासाठीच आपण तो मोजत होतो. ‘अवलंबून नाही’ हे उत्तरही तितकेच मोलाचे आहे, आणि प्रयोगवहीत ते अपयश म्हणून लिहू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

स्वतंत्र चल संख्येतच असावे, असेही नाही. जेम्स लिंड या जहाजावरील शल्यचिकित्सकाने १७४७ मध्ये स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या, सर्वांचा मूळ आहार सारखा ठेवला आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. उपचाराचा प्रकार हे तेथे स्वतंत्र चल होते आणि खलाशांच्या प्रकृतीतील सुधारणा हे अवलंबी. संत्री व लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली.

तुमच्या आलेखात क्ष-अक्षावर लांबीच ठेवा. य-अक्षावर दोलनकालाऐवजी त्याचा वर्ग घेतलात, तर वक्राऐवजी आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा मिळेल. वर्ग केला तरी ती राशी अवलंबीच राहते.