एसीतला कुबट वास आणि न वाळलेले पाणी

प्रश्न : माझी गाडी सहा वर्षांची आहे. सकाळी एसी सुरू केला की पहिली दोन-तीन मिनिटे ओल्या पायमोज्यांसारखा कुबट वास येतो आणि मग तो नाहीसा होतो. सिग्नलला जरा जास्त वेळ थांबावे लागले की तोच वास पुन्हा येतो. सुगंधी डब्या लावून पाहिल्या आणि गेल्या महिन्यात गॅसही भरून घेतला, तरी फरक नाही. गॅस खराब झाला असेल का?

उत्तर : गॅसचा या वासाशी काहीही संबंध नाही. एसीतील गॅस बंद नळ्यांमधून फिरतो, आपण श्वासावाटे घेतो त्या हवेला तो शिवतही नाही आणि तो नासतही नाही. गाडी पूर्वीइतकीच गार होत असेल, तर गॅस भरून घेण्याचे कारणच नव्हते. आपल्या पत्रातील खरा धागा वेगळा आहे : वास सुरुवातीला येतो, मध्ये जातो आणि सिग्नलला परततो.

डॅशबोर्डच्या आत, एका बंद पेटीत, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची एक जाळी असते. गॅरेजमध्ये तिला कूलिंग कॉइल म्हणतात. एसी चालू असताना ती शून्य अंशाच्या थोडी वरपर्यंत गार होते, आणि गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा तसे हवेतील बाष्प तिच्यावर पाण्याच्या रूपाने जमते. हे पाणी खालच्या नळीतून रस्त्यावर ठिबकून जावे अशी योजना असते. मात्र इंजिन बंद केले की जाळीच्या फटींमध्ये अडकलेले पाणी तिथेच राहते. त्या काळोख्या, ओलसर पेटीत हवेबरोबर आलेली धूळ, परागकण आणि कपड्यांचे तंतू चिकटून बसतात व त्यांवर बुरशी आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो. सकाळी पंखा सुरू होताच पेटीत रात्रभर कोंडलेली हवा प्रथम आपल्या तोंडावर येते. जाळी पुरती गार झाली की तिच्यावर नवे पाणी जमू लागते आणि वास दबतो. सिग्नलला इंजिनबरोबर कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) थांबला, की जाळी कोमट होते, पाण्याची वाफ होऊ लागते आणि थरातील वास तिच्याबरोबर बाहेर पडतो. सुगंधी डबीने यातले काहीच बदलत नाही. एका वासाचे दोन वास होतात, इतकेच.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळीदार घडी, पाहावा. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि खटके सोडवून कप्पा खाली झुकवला की त्याची पट्टी दिसते. फिल्टर हळूच, आडवा ठेवूनच ओढावा, नाहीतर त्यावरचा सगळा कचरा पंख्यात पडतो. घड्यांमध्ये वाळकी पाने आणि करड्या धुळीची गादी सापडली, तर ते नेहमीचेच समजावे. पण फिल्टरवर काळे ठिपके असतील आणि तो हाताला दमट लागत असेल, तर बुरशी तिथवर पोचली आहे. असा फिल्टर झटकून किंवा धुऊन परत बसवण्यात अर्थ नाही, तो बदलावाच. नवा बसवताना कडेवरील बाण हवेच्या दिशेने आहे ना, हे पाहावे. किती दिवसांनी बदलावा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते पाहणे शक्य नसेल तर वर्षातून एकदा हा हिशोब साधारणपणे पुरतो, धुळीच्या रस्त्यांवर त्याहून लवकर. कोळशाचा थर असलेले फिल्टर बाहेरून येणारे वास बरेच शोषून घेतात. आपला वास मात्र आतला आहे, त्यामुळे केवळ महागडा फिल्टर घेऊन तो जाईल अशी अपेक्षा ठेवू नये.

फिल्टर बदलून आठवडाभराने वास तसाच असेल, तर जाळी स्वच्छ करावी लागेल. यासाठी फेसाचे डबे मिळतात. इंजिन बंद ठेवून, डब्याची लांब नळी फिल्टरच्या जागेतून किंवा खालच्या निचरा-नळीतून जाळीपर्यंत नेऊन फेस सोडायचा आणि डब्यावर सांगितला असेल तितका वेळ थांबायचे. काही वेळाने गाडीखाली मळकट, कधी कधी चहाच्या रंगाचे पाणी ठिबकू लागते. ते पाहून फेस योग्य जागी पोचल्याची खात्री होते. नंतर खिडक्या उघड्या ठेवून, एसी बंद ठेवून, हीटर आणि पंखा पूर्ण वेगाने 10-15 मिनिटे चालवावा. डॅशबोर्डच्या झरोक्यांतून फवारा मारणे हा अनेकांचा आवडता उपाय आहे, पण झरोक्यापासून जाळीपर्यंत वळणे आणि झडपा इतक्या असतात की फवारा वाटेतच संपतो. फेस पंख्याच्या मोटरवर किंवा विजेच्या जोडण्यांवर जाऊ देऊ नये. विद्युत गाडीत हे काम माहीतगाराकडूनच करून घ्यावे. कपडे धुण्याचे ब्लीच तर अजिबात वापरू नये, कारण त्याने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. गाडीची दारे-खिडक्या लावून आत धूर सोडणाऱ्या डब्यांमधील वायू बहुधा ज्वालाग्राही असतो. तो वापरायचाच झाला तर आत कोणी बसू नये, जवळपास सिगारेट किंवा काडी पेटवू नये आणि नंतर सर्व दारे उघडून गाडी भरपूर वारवावी.

प्रश्न : मुक्कामी पोचण्याआधी पाच मिनिटे एसी बंद करावा असे म्हणतात. त्याचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : होतो, आणि वर सांगितलेल्या साफसफाईनंतर वास परत येऊ नये म्हणून याहून सोपा उपाय नाही. मात्र बंद करायचे ते एसीचे बटण. पंखा चालूच ठेवायचा आणि बाहेरची हवा आत येईल असा खटका करायचा, म्हणजे जाळी वाळते. ज्यांचा एसी बारा महिने आतल्याच हवेवर फिरतो, त्यांच्या गाडीत श्वासातील ओलही आतच फिरत राहते, हेही लक्षात घ्यावे.

एक सावधगिरी मात्र हवी. दमट हवेत किंवा पावसात एसी बंद करताच जाळीवरचे पाणी वाफ होऊन आत येते आणि समोरची काच क्षणार्धात धुरकटते. अशा वेळी चालत्या गाडीत हा प्रयोग करू नये. गाडी उभी केल्यावर मिनिटभर पंखा चालवला तरी चालेल. काही नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर काही वेळाने पंखा आपोआप सुरू होऊन जाळी वाळवतो. उभ्या गाडीतून घरघर ऐकू आली म्हणून तो बिघाड समजून गॅरेज गाठण्याआधी पुस्तिका पाहावी.

प्रश्न : पूर्वी एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत असे, आता ठिबकत नाही. उलट ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरील मॅट ओली होते. गळती कुठे असावी?

उत्तर : निचरा-नळी बहुधा तुंबली आहे. बाहेर जायचे पाणी पेटीत साचून आत सांडते आहे. हवा दमट असताना एसी 15-20 मिनिटे चालवूनही खाली थेंब पडत नसेल, तर शंका पक्की समजावी. कोरड्या हवेत पाणी मुळातच कमी जमते, म्हणून अशा दिवशीच्या तपासणीवर विसंबू नये. नळी खालून मऊ, लवचीक तारेने मोकळी करता येते. जोराच्या हवेने मारा केल्यास तिची आतली जोडणी निसटू शकते.

पुढचे काम अधिक चिकाटीचे आहे. मॅट उन्हात टाकून भागत नाही, कारण कार्पेटखालचा जाड स्पंज पाणी धरून ठेवतो आणि वरून कोरडा भासला तरी आत कुजत राहतो. कार्पेट कडेने उचलून खाली हात घालून पाहावे, आणि स्पंज पूर्ण वाळेपर्यंत ते तसेच उचललेले ठेवावे. एसी न लावताही केवळ पावसानंतर मॅट भिजत असेल, तर काचेखालच्या पन्हळी, दारांचे रबर किंवा सनरूफच्या नळ्या तपासाव्यात.

प्रश्न : माझ्या गाडीत कुबट नव्हे, तर गोडसर वास येतो आणि काचेवर तेलकट थर जमतो. हीही बुरशीच का?

उत्तर : नाही. हा इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचा वास असण्याची शक्यता मोठी आहे. डॅशबोर्डमागे हीटरचीही एक जाळी असते. ती झिरपू लागली की कूलंटची वाफ थेट आत येते, आणि बहुतेक कूलंटमधील ग्लायकॉल विषारी असते. फेस, फिल्टर यांवर वेळ न घालवता गाडी लवकर दाखवावी. तोपर्यंत तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे आणि इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय कूलंटच्या टाकीचे झाकण उघडू नये. पेट्रोलचा किंवा वायर जळाल्याचा वास आला, तर मात्र गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करावी आणि सर्वांनी आधी खाली उतरावे.