हाताला जोर कळतो, खोली कळत नाही

खारघरच्या सिस्टरांचा प्रश्न असा: बीएलएसच्या (हृदय थांबलेल्याची छाती दाबून त्याला वाचवण्याचं, म्हणजे सीपीआरचं, प्राथमिक प्रशिक्षण) रिन्यूअलला त्यांना छातीवरचा आपला दाब पुरेपूर पाच सेंटीमीटर जातोय असं वाटत होतं, मॅनिकिनची, म्हणजे सरावाच्या पुतळ्याची, स्क्रीन मात्र चारच्या आसपास दाखवत होती. सीनियर म्हणाल्या, "अनुभवाने हात बसतो, मशीनचं काय मनावर घेतेस!" मग कोणाचं खरं?

मशीनचं. मी इथे ठाण्यात आयसीयू सांभाळते, नव्या स्टाफचं प्रशिक्षणही घेते. सरावाला मी आधी स्क्रीन फिरवून ठेवते. तीस दाब द्यायचे, किती खोल गेले ते सांगायचं, मगच बघायचं. वॉर्डातले धिप्पाड मामा (वॉर्डबॉय) असोत की बारीक चणीची नवी सिस्टर, उत्तर एकच: "पाच असेल." मामांचे सहाच्या वर निघतात, सिस्टरचे चारला टेकतात. कोणी थापा मारत नाही. पाच हा आकडा पाठ असतो, म्हणून तोच तोंडात येतो.

कारण साधं आहे. आपल्याला जाणवतो तो जोर. तेवढ्याच जोराने सुकलेल्या आजींची छाती खूप दबते आणि चाळिशीतल्या दणकट माणसाची जेमतेम. बाजूला उभं राहून "अजून जोरात, अजून जोरात" ओरडणाऱ्या आरएमओंनाही (ड्यूटीवरच्या डॉक्टरांनाही) आपले खांदे हलताना दिसतात, छाती किती खाली गेली ते दिसत नाही. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टॉकहोम, लंडन आणि नॉर्वेतल्या आकर्सहूस इथल्या प्रशिक्षित रुग्णवाहिका पथकांचे दाब प्रत्यक्ष रुग्णांवर मोजले होते, तर सरासरी खोली निघाली ३४ मिलीमीटर. तेव्हाचा निकष होता ३८ ते ५१.

निकषही बदलत गेलाय. २०१० पासून किमान पाच सेंटीमीटर, २०१५ पासून पाच ते सहा. ज्यांचा हात जुन्या 'दीड ते दोन इंचां'वर बसलाय, त्यांचा अनुभवच त्यांना कमी दाबायला लावतो. सीनियरना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा!

दुसरी गोम गादीची. मॅनिकिन जमिनीवर असतो, पेशंट गादीवर. तुमच्या दाबातला काही भाग गादीच खाते, आणि हाताला सगळं छातीतच गेल्यासारखं वाटतं. छातीवर ठेवायचा सेन्सरही इथे फसतो. तो स्वतः किती खाली गेला ते मोजतो, त्यात गादीचं दबणंही धरलं जातं. म्हणून पाठीखाली कार्डिॲक बोर्ड (कडक फळी) हवाच, पण तो सरकवण्यात दाब थांबू देऊ नका. अल्फा बेड (हवेची गादी) असेल तर सीपीआरचा नॉब ओढून हवा सोडा. बेड खाली घ्या, उंची कमी असेल तर फूटस्टेपवर चढा. वाकलेल्या कोपरांनी पाच सेंटीमीटर होत नाहीत.

थकव्याचंही तसंच. दमल्याचं जाणवायच्या आधीच खोली घसरायला लागते. "मी ठीक आहे, चालू दे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, दोन मिनिटं झाली की हात बदला. वेगाचं मात्र सोपं आहे, मेट्रोनोम लावला की मिनिटाला शंभर ते एकशेवीस सांभाळता येतो. खोलीला असा ठेका नाही.

पेशंट इंट्युबेटेड असेल, म्हणजे श्वासनलिकेत नळी घातलेली असेल, तर कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर) नजर ठेवा. आकडा दहाच्या खाली राहिला तर औषधं शोधण्याआधी दाबणाऱ्याचे हात बघा. बरगडी मोडेल या भीतीने मात्र हात आखडू नका. मोडतात, चांगल्या सीपीआरमध्येही मोडतात.

पुढच्या रिन्यूअलची फी भरण्याआधी एवढं विचारून घ्या की मॅनिकिन खोलीचा आकडा दाखवतो का. अमेरिकन हार्ट असोसिएशनने मोठ्यांच्या सीपीआर कोर्सला फीडबॅक यंत्र २०१९ पासून सक्तीचं केलंय. नुसता 'टक' वाजणारा मॅनिकिन किमान खोली गाठली एवढंच सांगतो, आमच्या मामांचे सहाच्या वर जाणारे दाब त्याला कळत नाहीत.