गटातलं समीकरण त्याच गटात सुटलं नाही, तर मोठ्या गटात नेहमी सुटतं का?

नाही, नेहमी सुटत नाही. (गट म्हणजे घटकांचा असा संच, ज्यात गुणाकार करता येतो आणि प्रत्येक घटकाला व्यस्त असतो; मोठा गट म्हणजे मूळ गटाला सामावून घेणारा.) क्ष⁻¹ अ क्ष = ब हे समीकरण घ्या, जिथे क्ष अज्ञात आहे, अ आणि ब गटातले घटक आहेत, अ² = इ, ब³ = इ, आणि अ किंवा ब यांपैकी कोणीही अविकारक इ (ज्याने गुणल्यावर काहीच बदलत नाही तो घटक) नाही. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की डावीकडे क्ष⁻¹ अ² क्ष, म्हणजे इ. मग ब² = इ, आणि ब³ = इ असल्यामुळे ब = इ, हा विरोधाभास. गट कितीही वाढवा, ही अडचण जात नाही.

तुमचा गट सांत (मर्यादित घटकांचा) असेल तर मात्र एक सुंदर कसोटी आहे: प्रत्येक समीकरणात प्रत्येक चलाच्या घातांकांची बेरीज करा आणि त्या बेरजांच्या चौकोनी मांडणीचा निश्चयक (determinant) काढा. क्ष अ क्ष य = ब आणि य ग क्ष = घ इथे (क्ष, य ही चलं, बाकी गटातले घटक) बेरजा (२, १) आणि (१, १), निश्चयक २×१ − १×१ = १. तो शून्य नसेल तर मोठ्या सांत गटात उकल मिळतेच. हे गेर्स्टनहाबर आणि रोटहाउस या गणितज्ञांनी १९६२ मध्ये सिद्ध केलं. गटाची मांडणी युनिटरी मॅट्रिक्सांत (सदिशांची लांबी न बदलणाऱ्या मॅट्रिक्सांत) करून ते टोपॉलॉजीने (आकारांच्या सलगपणाचा अभ्यास करणाऱ्या शाखेने) उकल शोधतात, शुद्ध बीजगणितातल्या प्रश्नाला असं उत्तर मिळावं हे मला फार आवडतं.

पण निश्चयक शून्य आला म्हणजे उकल नाही, असं समजू नका. सुरुवातीच्या क्ष⁻¹ अ क्ष = ब या समीकरणात बेरीज शून्य आहे, तरी अ आणि ब यांची कोटी (ज्या सर्वांत लहान घाताला इ मिळतो तो घातांक) सारखी असेल तर ते मोठ्या गटात सुटतं (हिगमन, नॉयमान आणि नॉयमान, १९४९).