चार तोळ्यांचा आरसा

प्रश्न: सर, जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीच्या आरशाला सोन्याचा मुलामा का दिलाय? चांदी चालली नसती का? आमच्या हिच्या मते हा निव्वळ शो ऑफ आहे.

उत्तर: वहिनींना सांगा, एवढ्या मोठ्या आरशाला सोनं किती लागलं तर जेमतेम 48 ग्रॅम, म्हणजे आपले चार तोळे! आरसा साडेसहा मीटरचा, 18 तुकड्यांचा, मूळ धातू बेरिलियम, आणि सोन्याचा थर फक्त 100 नॅनोमीटरचा. आता सोनंच का, तर ही दुर्बीण मुख्यतः इन्फ्रारेड, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बघते आणि सोनं तो प्रकाश जवळजवळ सगळा परत फेकतं, निळा मात्र गिळतं, म्हणून तर ते पिवळं दिसतं ना. चांदी पण छान चमकते हो, पण घरातलं निरांजन आठवा, चार महिने घासलं नाही की काळं पडतं, सोन्याचं तसं होत नाही. वरून ओरखडे पडू नयेत म्हणून काचेचा पातळ थर आहेच.

गंमत म्हणजे कुठलीही गरम वस्तू स्वतःच इन्फ्रारेड सोडते, दुर्बीणसुद्धा, त्यामुळे तिला पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटर लांब नेऊन पाच पदरी सनशिल्डच्या सावलीत उणे 220 अंशांच्या आसपास थंड ठेवावं लागतं.

इन्फ्रारेड घरी बघायचाय? टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनमध्ये टोकाचा बल्ब जांभळट लुकलुकताना दिसतो, नुसत्या डोळ्यांना काहीच नाही.