दहावीतल्या भाच्याला वर्गात ‘बायल्या’ म्हणून छळतात. तो जेवत नाही, झोपत नाही. काय करावं?

आधी घरातलं कपाशीवरचं कीटकनाशक कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ. अशा छळानं नैराश्य आणि आत्महत्येचा धोका वाढतो. विष हाताशी असलं की क्षणाचा विचारही जीव घेतो. ‘जगणं नकोसं वाटतं का?’ असं थेट विचारा, विचारल्यानं धोका वाढत नाही. ‘तू समलिंगी आहेस का?’ हे मात्र नको. सांगायचं तेव्हा तोच सांगेल. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मोफत, चोवीस तास.

मुख्याध्यापकांना तारीख, जागा, नेमके शब्द लिहून अर्ज द्या, पोच घ्या. त्यात फक्त छळ लिहा, त्याचा लैंगिक कल नाही. गावात बातमी लगेच फिरते. दाद न मिळाल्यास मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

‘बरं करतो’ म्हणणाऱ्या कुणाकडेही नेऊ नका. समलिंगी असणं हा आजार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये डॉक्टरांचे असले उपचार गैरवर्तन ठरवले आहेत.